पाठपोट गाणी

चष्मेवाल्यांनी जेवणाच्या टेबलावर त्र्याण्णव कागद पसरले होते. बायकोने विचारलं, "ताट कुठे वाढू?" चष्मेवाले मान वर न करता म्हणाले, "हातावर."

"हातावर भाकरी मिळेल, कालवण मिळणार नाही," बायको म्हणाली आणि ताट शिलाई मशीनवर ठेवून निघून गेली.

चष्म्यांचं दुकान हा चष्मेवाल्यांचा धंदा आणि अकॉर्डियन हे त्यांचं व्यसन. त्यांच्यासारखेच आणखी चार व्यसनी मिळून पाच जणांचा हौशी वाद्यवृंद झाला होता. शाळेतले पीटी सर ड्रम वाजवत, म्हणजे मुलांवर काढायचा राहिलेला राग काढत. दातांचे डॉक्टर गिटार वाजवत. चष्मेवाल्यांचा मेहुणा बासरी वाजवी आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळात सगळ्यांच्या चुका काढी. गायला होत्या ऑपरेटरबाई. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढलेली ही बाई. समोर लिहिलेलं असेल ते गोड आवाजात म्हणायचं आणि अर्थाच्या भानगडीत पडायचं नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. गाणं विरहाचं असो की लग्नाचं, बाई सारख्याच प्रेमाने म्हणत.

आता हे कागद टेबलावर का आले? मागच्या कार्यक्रमात हॉलच्या माणसाने ऐन गाण्यात मोठा पंखा लावला आणि पाचही जणांची गाणी पाखरांसारखी उडाली. पीटी सरांनी तीन कागद पायाने धरले, डॉक्टरांनी एक दातांनी. उरलेले गोळा करायला पहिल्या दोन रांगा खुर्च्यांखाली गेल्या. तिथेच चष्मेवाल्यांनी भीष्मप्रतिज्ञा केली: यापुढे कागद बंद. सगळी गाणी संगणकात घालायची, एकच मोठी वही करायची आणि पाचही जणांनी ती टॅबवर बघून वाजवायचं.

"भावोजी, कागद उडाला तर धरता येतो," मेहुणा म्हणाला. "ते यंत्र बिघडलं तर काय धरणार?"

"तुझं तोंड," चष्मेवाले म्हणाले.

दुसरंही एक कारण होतं, ते धंद्यातलं. पाचांपैकी पाचांची जवळची नजर अधू झालेली होती. डॉक्टर कागद हातभर लांब धरत, मग गिटार धरायला हात उरत नसे. टॅबवर अक्षर बोराएवढं करता येणार होतं.

डॉक्टरांच्या दवाखान्यात एक स्कॅनर होता. वरून कागदांचा गठ्ठा ठेवायचा, तो एकेक गिळत जातो आणि संगणकात त्याचं चित्र उमटतं. चष्मेवाल्यांनी रविवारी सकाळी गठ्ठा ठेवला. यंत्रावर सात बटणं होती. त्यातल्या एकावर कागद आणि त्याला दोन बाण असं चित्र होतं. दोन बाण म्हणजे दुप्पट वेग, असा चष्मेवाल्यांनी अर्थ लावला आणि ते दाबलं.

दोन बाणांचा अर्थ होता, कागदाच्या दोन्ही बाजू. पाठपोट.

यंत्र शहाणं होतं. मागची बाजू कोरी असेल तर ते सोडून देई. काही लिहिलेलं असेल तर निमूटपणे घेई. आणि चष्मेवाल्यांच्या घरात कोरी पाठ फार काळ कोरी राहत नसे. बायकोला काही टिपून ठेवायचं झालं की हाताला येईल तो कागद ती उलटा करी. दुकानातही नवीन छपाई यंत्र आलं तेव्हा, चांगला कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून चष्मेवाल्यांनी स्वतःच गाण्यांच्या पाठीवर छापून बघितलं होतं. हे सगळं ते साफ विसरले होते.

त्र्याण्णव कागदांची एकशे एकेचाळीस पानं झाली.

"एवढी कशी झाली?" बायकोने विचारलं.

"संगणक समास धरतो," चष्मेवाले म्हणाले. आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल ठामपणे बोलण्याची त्यांची हातोटी दुकानात फार उपयोगी पडे.

मग त्यांनी सगळी पानं एकापुढे एक जोडली. पडद्यावर ती नखाएवढी दिसत होती. गाण्यांची नावं लाल शाईत असल्यामुळे तेवढी ओळखू येत होती; त्यावरून त्यांनी अनुक्रमणिका केली. नावावर बोट ठेवलं की गाणं उघडायचं. मुखपृष्ठावर अकॉर्डियनचं चित्र टाकलं, त्याला सोनेरी चौकट केली, चौकटीला वेलबुट्टी केली. वेलबुट्टीला चार तास गेले. आतली पानं मोठी करून बघायला वेळच उरला नाही.

पाचही टॅब एकमेकांना जोडले. चष्मेवाल्यांचे दोन्ही हात अकॉर्डियनमध्ये अडकलेले असत, म्हणून त्यांनी पायाने दाबायचं एक चपटं पेडल आणलं. पेडल एकदा दाबलं की पाचही टॅबवर पान एकदम उलटे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्यानेही वाजवल्या, पण हळू. मूळ कागद चष्मेवाल्यांनी दोरीने बांधून माळ्यावर टाकले.

पहिलाच कार्यक्रम तोलामोलाचा होता. गावातले निवृत्त जजसाहेब आणि त्यांच्या पत्नी यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. जजसाहेब म्हणजे जमदग्नी. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्या समोरून जाताना लोक सायकलवरून उतरत. गाणी त्यांनी स्वतः दुकानात येऊन निवडली. यादी नाकाला लावून वाचली, कारण त्यांचा चष्मा दोन महिन्यांपूर्वी घरातच हरवला होता.

"आमचा नवा चष्मा?" त्यांनी विचारलं.

"लेन्स बाहेरून यायचीय, साहेब," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांना खोकला आला. हे ते सातव्यांदा सांगत होते. लेन्स केव्हाच आलेली होती आणि खणात पडून होती. ती का द्यायची नाही, हे चष्मेवाल्यांना आणि त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. पुढे ते दोनशे लोकांना ठाऊक झालं.

समारंभाच्या संध्याकाळी हॉल भरला. पहिल्या रांगेत मधोमध जजसाहेब ताठ बसले होते, शेजारी त्यांच्या पत्नी. पंखा लागला, पण एकही पान हललं नाही. चष्मेवाल्यांनी मेहुण्याकडे बघून भुवई उडवली. पहिलं गाणं एकाच पानाचं होतं. ते झक्क झालं.

दुसरं गाणं प्रेमाचं, दोन कागदांचं. पहिल्या पानाच्या शेवटी ओळ होती, 'डोळ्यांत तुझ्या मी पाहियले, ते काय असे मी वाचियले?' चष्मेवाल्यांनी पेडल दाबलं. पाचही टॅबवर एक भलामोठा 'ग' आला.

त्याच्या खाली जरा लहान 'म' आणि 'ट'. त्याच्या खाली आणखी लहान 'प', 'र', 'च'. दुकानात नजर तपासायला भिंतीवर लावतात तो तक्ता.

ऑपरेटरबाईंनी पापणीही हलवली नाही. "गऽऽऽ," त्यांनी भरदार आवाजात सुरुवात केली. "मऽऽ... टऽऽ..."

अक्षर बारीक होत गेलं तसा बाईंचा आवाज बारीक होत गेला. पाचव्या ओळीला त्या पुढे वाकल्या, सातव्या ओळीला त्यांचं नाक टॅबला लागलं आणि "न ल ब य घ श" ही अक्षरं त्यांनी अशा काही कुजबुजत्या स्वरात सोडली की मागच्या रांगेतल्या लोकांनी श्वास रोखून धरले. मग टाळ्यांचा कडकडाट.

"व्वा! शास्त्रीय आहे," कुणीतरी म्हणालं.

"शास्त्रीयच," डॉक्टर दातओठ खात पुटपुटले. "नेत्रशास्त्र. हे काय आहे, चष्मेवाले?"

चष्मेवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन बाण! मधे एक पाठ घुसली होती, म्हणजे पेडल दोनदा दाबलं की झालं. पुढचं गाणं अंगाईचं होतं. पहिलं पान संपताच त्यांनी पेडल दोनदा दाबलं. पण त्या कागदाची पाठ कोरी होती आणि शहाण्या यंत्राने ती सोडून दिली होती. त्यामुळे अंगाईचं दुसरं पान ओलांडून गाडी थेट पुढच्या गाण्यावर गेली.

"नीज रे बाळा, मिट रे डोळे," बाईंनी हळुवार म्हटलं आणि त्याच हळुवारपणे पुढे म्हणाल्या, "उठा वीर हो, उचला भाले!"

पीटी सरांना कवायतीचं गाणं दिसलं आणि त्यांचा स्वतःवरचा ताबा गेला. ड्रम असा कडाडला की आईच्या मांडीवर झोपलेलं एक बाळ उठून रडू लागलं.

"थांबवा हे," मेहुणा बासरीआडून म्हणाला. "कागद आणा."

"माळ्यावर आहेत."

"आणि तुमचं डोकं?"

कुठल्या कागदाला पाठ आहे आणि कुठल्याला नाही, हे त्या यंत्राखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. एकदा दाबावं तर पाठ येणार, दोनदा दाबावं तर गाणं चुकणार. इकडे आड तिकडे विहीर आणि मधे अकॉर्डियन. चौथ्या गाण्याला त्यांनी डोळे मिटून एकदाच दाबलं.

गाणं वाट बघणाऱ्या प्रेयसीचं होतं. 'येताना सखया घेउन ये रे,' अशी पहिल्या पानाची अखेर होती. पान उलटलं.

"अंगाचा साबण, दोऽऽन," बाईंनी तान घेतली. "कपड्याचा साबण, एऽऽक. न्हाणीघराचा दिवा गेऽऽला... तो मागच्या वेळी आणलेला नको, तो आठवड्यात गेऽऽला..."

तिसऱ्या रांगेत चष्मेवाल्यांची बायको ताडकन उठून उभी राहिली. मग सगळे बघायला लागले म्हणून ताडकन खाली बसली.

"दारांना घालायचं तेऽल, विसरू नका. तुम्ही विसरताऽऽच. तुम्ही विसरताऽऽच!"

आता बायकांच्या बाजूने हसू फुटलं. एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "बाई गं, प्रेमाचं गाणं असावं तर असं. चंद्र आणून करायचंय काय?" दुसऱ्यांदा "तुम्ही विसरताच" आलं तेव्हा निम्मा हॉल सोबत म्हणत होता, आणि उरलेला निम्मा, म्हणजे नवरे, खाली मान घालून बसला होता.

पाचवं गाणं जजसाहेबांनी मुद्दाम निवडलेलं होतं. संथ चालीचं, उतारवयातल्या जोडप्याचं. "हे तरी नीट करा," डॉक्टर कळवळून म्हणाले. चष्मेवाल्यांनी ठरवलं, एकदा दाबायचं, पडद्यावर बघायचं, पाठ असली तर बाईंनी तोंड उघडायच्या आत पुन्हा दाबायचं. योजना बिनतोड होती. फक्त कवायतीच्या गाण्यात पीटी सरांच्या ठोक्यांनी पेडल हळूहळू सरकत गेलं होतं, हे तिच्यात धरलेलं नव्हतं.

'सांज झाली, हात हाती, बोल आता मनातले,' इथे पान संपलं. चष्मेवाल्यांनी पाय लांब करून पेडलला टोक लावलं. पान उलटलं, आणि पेडल घसरून ड्रमखाली गेलं. समोर त्यांच्या बायकोचं वळणदार अक्षर होतं. चष्मेवाल्यांनी ते ओळखलं.

"बाई, थांबा!" ते ओरडले. पण अकॉर्डियनमधून त्याच वेळी मोठा हुंदका निघाला आणि त्यात ते बुडून गेलं.

"जजसाहेबांच्या घरून फोन आऽला," बाई गाऊ लागल्या. "बाई स्वतः बोलत होत्या. साहेबांचा चष्मा हरवला नाऽही... हरवला नाऽही... मीच लपवला आऽहे."

चष्मेवाल्यांनी ड्रमखाली पाय घातला. पीटी सरांनी डोळे मिटलेले होते. त्यांनी तो पाय ताल देण्यासाठी आलाय असं समजून बाजूला ढकलला.

"रोज सकाळी अग्रलेख, मोठ्याने वाचतात, कान किटले. नव्या चष्म्याची घाई नको. लेन्स आली नाही म्हणाऽऽ... कुणाला सांगू नका... कुणाला सांगू नकाऽऽ..."

ही ओळ दोनदा लिहिलेली होती, म्हणून बाईंनी ती धृपद समजून चारदा म्हटली. गाणं संपलं. एकही टाळी पडली नाही. जजसाहेबांच्या पत्नींनी पदर तोंडावर घेतला होता. चष्मेवाले अकॉर्डियनच्या मागे जेवढं मावेल तेवढं लपले.

जजसाहेब उठले. काठी टेकत मंचावर आले. ऑपरेटरबाईंनी त्यांना हसून माइक दिला.

"लेन्स आली नव्हती?" त्यांनी चष्मेवाल्यांना विचारलं.

"आली होती, साहेब."

"केव्हा?"

"पहिल्याच आठवड्यात."

"म्हणजे सातही वेळा खोटं."

"सातही वेळा," चष्मेवाल्यांनी गुन्हा कबूल केला. "पण खोकला खरा होता."

जजसाहेबांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. लोकांना वाटलं, रुमाल काढतायत. त्यांनी एक जुना, काळ्या काड्यांचा चष्मा काढला आणि सावकाश डोळ्यांवर चढवला.

"हा मला तिसऱ्याच दिवशी सापडला," ते म्हणाले. "स्वेटरांच्या खाली. लपवण्याची जागा अगदीच साधी होती. मी नोकरीत याहून अवघड गोष्टी शोधल्यात."

आता जजसाहेबांच्या पत्नींनी पदर खाली घेतला. "सापडला होता? मग बोलला का नाही?"

जजसाहेब माइकमध्ये बोलायचं विसरले, पण हॉल इतका शांत होता की ऐकू आलंच.

"चष्मा गेला म्हणून तू मला पेपर वाचून दाखवायला लागलीस. पन्नास वर्षं मीच वाचत आलो. तुझा आवाज मी फक्त 'उठा', 'जेवा', 'पुरे' एवढाच ऐकला होता. तू वाचतेस तेव्हा पावसाचा अंदाजसुद्धा ऐकावासा वाटतो. म्हटलं, सापडला असं सांगितलं तर हे बंद होईल."

आजींनी डोळे पुसले. डॉक्टर दुसरीकडे बघायला लागले. पण पत्नी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हणजे दोन महिने मी घसा कोरडा करतेय, अडखळले की मलाच अपराधी वाटतंय, आणि तुम्हाला सगळं दिसत होतं? त्या दिवशी मी मधला अख्खा परिच्छेद गाळला, तेही कळलं?"

"कळलं. चांगला गाळलास. टुकार होता."

पत्नींना हसू आवरेना. मग हॉललाही आवरेना. जजसाहेब हसताना कुणी कधी पाहिले नव्हते. त्यांचे खांदे तेवढे हलत होते आणि चष्मा नाकावरून घसरत होता. टाळ्या थांबेनात, तेव्हा मेहुण्याने पहिल्यांदाच आपणहोऊन बासरी उचलली आणि कुणाचाही टॅब न बघता काहीतरी वाजवायला सुरुवात केली. बाकीच्यांनी जमेल तशी साथ दिली. त्या संध्याकाळचं सर्वांत सुरेल गाणं तेच झालं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले वहीतल्या पाठी काढून टाकायला बसले. पहिली पाठ काढायच्या आत डॉक्टरांचा फोन आला. पुढच्या महिन्यात दोन समारंभ आलेत आणि दोघांनाही साबणाचं गाणं हवंय. ते ठेवावं लागलं. बायको म्हणाली, "ठेवा, पण कवयित्री म्हणून खाली माझं नाव घाला." तेही घालावं लागलं. जजसाहेबांचं पान मात्र त्यांनी पुसून टाकलं आणि खात्री करण्यासाठी तीन वेळा बघितलं.

सोमवारी दुकान उघडतंय तोच दारात जजसाहेब आणि त्यांच्या बाई उभे. चष्मेवाल्यांनी खणातून लेन्स काढून पुढे केली आणि माफीची पहिली ओळ तोंडात जुळवली.

"ती राहू द्या," बाई म्हणाल्या. "तपासायचंय मला. रोज बारीक अक्षर वाचून डोळे चुरचुरतात."

"म्हणजे वाचन अजून चालू आहे?"

"मग? यांना वाचू दिलं तर भलत्याच ठिकाणी थांबतात, आणि थांबले की मत देतात. पेपर मीच वाचणार. यांनी ऐकायचं."

चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, भिंतीवरच्या तक्त्यावर दिवा लावला आणि एक डोळा झाकायला सांगितलं. बाईंनी पहिल्या तीन ओळी घडाघडा म्हटल्या. चौथीला त्या अडखळल्या.

"हा... 'स' आहे का?"

मागून, भिंतीला टेकून उभे असलेले जजसाहेब काळ्या काड्यांचा चष्मा सावरत हळूच पुटपुटले, "'ख' आहे, 'ख'."

"'ख'," बाई म्हणाल्या.

"पुढचा 'ध'," मागून आवाज आला.

"'ध'."

चष्मेवाले वळले. ज्यांच्यासमोर सारं गाव सायकलवरून उतरतं ते जजसाहेब भिंतीकडे बघत निरागसपणे उभे होते. चष्मेवाल्यांनी क्षणभर विचार केला, घसा साफ केला आणि जन्मात कधी वापरला नव्हता तो आवाज काढून म्हणाले,

"साहेब, साक्षीदाराला पढवू नका. नाहीतर बाहेर थांबावं लागेल."

जजसाहेब बाहेर जाऊन बाकावर बसले.